मिनिटाला शंभर

नियम मीच लिहिला होता, माघात,
त्या हल्ल्यानंतर, जेव्हा अडीच दिवस
शिष्यवृत्तीचं पान उघडलंच नाही
आणि हलगेकर मॅडम एवढंच म्हणाल्या,
"पुन्हा नको."

एका पत्त्यावरून मिनिटाला शंभरावर ठोके पडले
तर दार बंद, अर्धा तास.
पत्ता राज्याबाहेरचा असेल
तर पंचविसालाच बंद.
त्या रात्री अनगोळच्या खोलीवर
मी गाढ झोपलो.

आज शेवटची तारीख.
टिळकवाडीत दुसऱ्या मजल्यावर पंखा आणि मी.
पडद्यावर लाल रेषा चढतेय,
नियम आपलं काम चोख करतोय,
आणि फोनवर निपाणीचा बाळेश खोत:
"काय गा, आमच्या दुकानानं काय पाप केलंय?
विड्या वळणाऱ्या बायका बसल्यात पोरींना घेऊन,
सकाळपासनं साठ. पान उघडतंय, मिटतंय.
लाइन एकच हाय माझी,
साठ जणींना साठ पत्ते कुठनं आणू?"

लॉगमध्ये शोधलं त्याला.
हल्लेखोरांच्या यादीत, नववा.

वरचे आठ बघितले. ओळ न् ओळ सारखी,
चाळीस मिलिसेकंदांनी पुढची, चाळीसनं त्याच्या पुढची,
मध्ये कुठं श्वास नाही.
बाळेशची रांग मात्र अडखळत आलेली.
नाव चुकलं. पुन्हा चुकलं.
काशव्वातला एक व काढला, परत घातला.
ओटीपी येईपर्यंत वेळ संपली.
मग चार मिनिटं काहीच नाही,
चहा आला असेल, किंवा कुणी
रेशनकार्ड आणायला घरी पळाली असेल.
यंत्र इतकं चुकत नाही.
माणूस चुकांवरून ओळखायचा,
हे मला कुठल्या कोर्सात शिकवलं नव्हतं.

खाली आणखी एक गुच्छ, राज्याबाहेरचा.
नकाशा काढला: कोगनोळी, हंचिनाळ, आडी.
गाव इकडं, टॉवर कागलचा.
फोन उंबऱ्यावर ठेवला की महाराष्ट्र,
परसात नेला की कर्नाटक.
आमच्या भागात हे शेंबड्या पोराला ठाऊक.
दाखल्यावर एक भाषा, चुलीपाशी दुसरी,
बाजारात दोन्ही, शिव्यांना तर तिसरीही.
आणि मी, इथलाच,
तीच रेघ पुन्हा ओढून ठेवली होती,
पंचवीस या आकड्यानं.

दहाला मॅडमना फोन केला.
पलीकडं कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या. मग:
"दार सताड उघडू नकोस.
आधी नुसतं बघायला लाव त्याला, तोडायला नको."

तसंच केलं. अर्धा तास नियम
फक्त बोट दाखवत राहिला, हात न उचलता,
आणि मी मोजत बसलो, किती बोटं चुकीची.
मग शंभराचे चारशे.
मोजायचं पत्त्याला नाही, भरणाऱ्या एकेकीला.
राज्याची ओळ पुसली.
शंका आली तर एक सोपा प्रश्न विचारायचा,
मराठीत, कन्नडात.
वरचे आठ तसेच बाहेर.

अकराला आठाचे आठशे झाले.
सर्व्हर कण्हला. माझं बोट
जुन्या नियमावर गेलं, तिथंच थांबलं.
निपाणीहून एकेक फॉर्म येत होता
ओल्या विडीसारखा,
विझतोय विझतोय म्हणताना पेटत.

बारा वाजून गेल्यावर बाळेशचा मेसेज:
साठातल्या सत्तावन्न झाल्या. शटर ओढतो.

मी अजून लॉग वर सरकवतोय.
सायंकाळी सहा चोवीसला एक पत्ता,
टॉवर कागलचा. सव्वीस ठोके.
एक जास्त.
सहा चोपन्नला दार पुन्हा उघडलेलं दिसतं.
तो पत्ता पुन्हा दिसत नाही.

नियमाच्या डोक्यावर एक टीप लिहून ठेवलीय,
यंत्र न वाचता पुढं जाईल अशी:
हा आकडा बदलण्याआधी
निपाणीला एक फोन करा.
आणि खाली बाळेशचा नंबर.